दोन हजार अठ्ठेचाळीस खण

माणसाची आठवण ही भरवशाची वस्तू नाही आणि जे काम चुकून चालणार नाही ते यंत्राकडेच सोपवले पाहिजे, असे माझे दीर्घ चिंतनाअंती बनलेले मत आहे. हे मत मी घरी जेवणाच्या टेबलावर मांडले तेव्हा माझा चष्मा माझ्याच कपाळावर होता आणि मी तो तासाभरापासून शोधत होतो. बायकोने तो कुठे आहे ते सांगितले नाही. तिने एवढेच विचारले, "बरं, मग नानांच्या गोळीचं काय करायचं?"

नाना म्हणजे माझे सासरे. वय एक्क्याऐंशी. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांनी चौतीस वर्षे जुन्या फायली सांभाळल्या. फायलीला ते फाइल म्हणत नाहीत, नस्ती म्हणतात. सासूबाई गेल्यानंतर, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, ते आमच्या मागच्या खोलीत राहायला आले ते एक टेबल आणि एक सहा फुटी लोखंडी कपाट घेऊन. पहिल्या महिन्यातच त्यांनी आमच्या घरातला एकूण एक कागद ताब्यात घेऊन त्याच्या नस्त्या बांधल्या. फ्रीजचे हमीपत्र आता 'शीत/४' मध्ये असते. माझी पदवी 'संकीर्ण' मध्ये आहे. 

नानांना रक्तदाबाची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या नस्तीचा क्रमांक त्यांना पाठ असतो, पण सकाळची गोळी घेतली की नाही हे दुपारी सांगता येत नाही. गेल्या महिन्यात तीनदा चुकली. चौथ्यांदा ते जिन्यात चक्कर येऊन बसले आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना धरून वर आणले.

त्याच संध्याकाळी माझ्या मेहुण्यांचा फोन आला. बायको त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दादा एका कारखान्यात तपासणी अधिकारी आहेत. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, असे ते मानतात.

"एक तारखेपासून पंधरा दिवस बघू," दादा म्हणाले. "रोजच्या दोन, म्हणजे तीस गोळ्या. एकही चुकायला नको आणि नोंद हवी. नाही जमलं तर पंधराला मी येतो आणि नानांना इकडे घेऊन जातो."

इकडे म्हणजे दुसऱ्या गावी, अकराव्या मजल्यावर. दादा आणि वहिनी दिवसभर कामावर, घरी पगारी मदतनीस आणि न उघडणारी काचेची खिडकी. नानांना हे कळले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कपाट त्या लिफ्टमध्ये मावेल का?"

मावणार नव्हते.  दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो तर ते एक यादी करत होते. वर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'कार्यभार सोपवण्याचे कागद'.

"तुम्ही रोज आठ वाजता खोलीत डोकवा आणि 'नाना, गोळी' एवढं म्हणा," बायको म्हणाली. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळ्यांमध्ये काम करते, त्यामुळे आठला ती घरी असेलच असे नसते. "दोन शब्द आहेत."

प्रश्न दोन शब्दांचा नव्हता, तत्त्वाचा होता. पदवीधर माणसाने दिवसातून दोनदा भोंग्याचे काम करावे, हे मला पटेना. शिवाय मीही माणूसच. मीच विसरलो तर? मी यंत्र बनवायचे ठरवले. बायकोने हातातला पेला ठेवला आणि म्हणाली, "एक तारखेला तीन आठवडे आहेत." तिच्या आवाजात विश्वास होता की सूचना, ते मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

सुट्या भागांच्या दुकानात मी एक बोटभर लांबीची चिप मागितली. तिला प्रोग्राम लिहून दिला की ती तो आयुष्यभर चालवते, असे मी वाचले होते.

"काय करायचंय हिच्यात?" दुकानदाराने विचारले.

"आठवण."

"कोणाची?"

"सासऱ्यांची. म्हणजे, सासऱ्यांना."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि न सांगता पिशवीत दुसरी चिप टाकली. "एक जळेल," तो म्हणाला.

ती चौथ्या दिवशी जळली. त्या प्रसंगावर मी अधिक लिहीत नाही. धूर फारसा नव्हता.

दुसऱ्या चिपला मी एक छोटा पडदा, एक बटण आणि एक बझर जोडला. आठ वाजले की बझर वाजणार, पडद्यावर संदेश येणार, नाना गोळी घेणार आणि बटण दाबणार, की झाली नोंद. इतके साधे. रविवारी सकाळी पहिली चाचणी घेतली. बझर वाजला. तो इतका वाजला की वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर आग लागली असे समजून चपला न घालता खाली आले. नाना मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पडद्याकडे पाहिले.

"हे काय लिहिलंय?"

"रोमन लिपीत आहे, नाना. पडद्याला तीच अक्षरं येतात."

"मी चौतीस वर्षं परभाषेतल्या अर्जावर कार्यवाही केलेली नाही," नाना म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

म्हणजे मराठी अक्षरे काढणे आले. असे पडदे फक्त ठिपके ओळखतात. मी आलेखाचा कागद आणला. आडवे एकशे अठ्ठावीस चौकोन, उभे बत्तीस. एकूण चार हजार शहाण्णव. हव्या त्या चौकोनात पेन्सिलने टिंब भरायचे, आठ-आठ चौकोनांचा एक आकडा करायचा आणि ते पाचशे बारा आकडे ओळीने प्रोग्रामात लिहायचे. अशा ओळीला अ‍ॅरे म्हणतात. एका आकड्याला यंत्राच्या स्मृतीत एक खण लागतो. 'नाना, गोळी घ्या' एवढ्या मजकुरासाठी मी चार संध्याकाळी खर्च केल्या. त्यातली दीड संध्याकाळ एकट्या 'ळ'ला लागली.

तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई तो कागद बघून म्हणाल्या, "हा ळ आहे?"

"हो."

"मला वाटलं चष्मा."

मी ळ पुन्हा काढला. तोवर बायकोने मजकुराला हरकत घेतली. "'घ्या' काय? माझ्या वडिलांना हुकूम सोडतंय का ते? 'गोळीची वेळ झाली' असं म्हणू दे." मी सगळा संदेश पुन्हा काढला. मग कंपाउंडर आले. चप्पल न घालता धावत आल्यामुळे या यंत्रावर आपला काही हक्क उत्पन्न झाला आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. "नुसती गोळी नाही," ते म्हणाले, "'चावू नका, पाण्याबरोबर गिळा', हे आलंच पाहिजे. चाळीस वर्षं मी बघितलंय. लोक चावतात."

नाना चावत नाहीत. पण कंपाउंडरांशी वाद घालण्यापेक्षा पाचशे बारा आकडे लिहिणे सोपे होते. दुसरा अ‍ॅरे तयार झाला.

तिसरा अ‍ॅरे सोसायटीने दिला. रविवारच्या चाचणीनंतर सोमवारी माझ्या दारात सेक्रेटरींचे पत्र होते: सदनिका क्रमांक सातमधून अनधिकृत ध्वनी निर्माण होत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मी विमा कचेरीत दाव्यांची छाननी करतो. अशी पत्रे मी पाठवतो, मला ती येत नाहीत. मी डॉक्टरांचा दाखला, यंत्राचा नकाशा आणि खुलासा तीन प्रतींत सादर केला. सेक्रेटरी म्हणाले चार प्रती लागतात. समितीची बैठक जिन्याखाली झाली.

"परवानगी द्यायला हरकत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण वाजणारच आहे, तर सोसायटीचाही काही उपयोग होऊ दे. रखवालदार सकाळी पाण्याची मोटार बंद करायला विसरतो आणि गच्चीवरची टाकी वाहते. तुमच्या मागच्या खिडकीखालीच त्याची खुर्ची आहे. सव्वाआठला यंत्राने 'मोटार बंद करा' दाखवावं, नानांनी ते वाचून खिडकीतून सांगावं."

"म्हणजे यंत्राने नानांना सांगायचं आणि नानांनी रखवालदाराला?"

"मग यंत्राला खिडकीतून ओरडता येतं का?"

ठराव एकमताने मंजूर झाला. नानांना त्याची प्रत हवी होती. त्यांनी ती नस्तीला लावली आणि दोन दिवस जरा ताठ बसले.

तिसरा अ‍ॅरे घातला तेव्हा कॉम्प्युटरने एक सूचना दाखवली: उपलब्ध स्मृती कमी आहे, स्थैर्याचे प्रश्न उद्भवू शकतात. 'शकतात' या शब्दाकडे पाहून मी पुढे गेलो. विमा कचेरीत आम्ही हा शब्द रोज वापरतो आणि त्याचा अर्थ काहीही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मी झोपेत असताना, यंत्र वाजले आणि त्याने 'मोटार बंद करा' असे दाखवले. नाना उठून बसलेलेच होते. त्यांनी खिडकी उघडून रखवालदाराला आदेश कळवला. रखवालदाराला आयुष्यात प्रथमच कोणीतरी आठवण करून दिली होती, त्यामुळे त्याने तो तत्परतेने पाळला. मोटार सहाला सुरू झाली होती. दहा मिनिटांत टाकीत जेवढे पाणी चढले तेवढे पहिल्या दोन मजल्यांना सात वाजेपर्यंत पुरले.

सव्वासातला माझ्या दारात जे लोक उभे होते त्यांतले निम्मे कोरडे होते आणि निम्मे साबण लावलेले. कंपाउंडरांच्या एका कानात फेस होता. मुख्याध्यापिका बाई रिकामी बादली घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवली. सेक्रेटरी वही काढून उभे राहिले.

"नाना, सहा वाजता मोटार बंद करायला का सांगितलंत?" बायकोने विचारले.

"लेखी होतं," नाना म्हणाले.

त्या दिवशी यंत्र आणखी सहा वेळा वाजले. एकदा 'चावू नका' उलटे दिसले. घड्याळात एकतीस वाजले. आणि या गोंधळात नानांनी सकाळची गोळी घेतली की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, नानांनाही नाही. रात्री दादांचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, "हो, सगळं ठीक," आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. ती ओरडली असती तर बरे वाटले असते. एक तारखेला पाच दिवस उरले होते.

दुकानदाराने माझा प्रोग्राम बघितला आणि त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

"सगळी चित्रं चालू स्मृतीत ठेवलीत?"

"मग कुठे ठेवू?"

"हिच्यात चालू कामासाठी दोन हजार अठ्ठेचाळीस खण. तुमच्या तीन चित्रांनी दीड हजाराच्या वर खाल्ले. उरलेल्या पाचशेत घड्याळ, बटण, नोंदी आणि तिची स्वतःची आकडेमोड. जागा संपली की ती बिचारी दुसऱ्याच्या खणात लिहिते. मग घड्याळात एकतीस वाजतात." त्याने कागदावर एक शब्द लिहून दिला. "प्रोग्राम जिथे राहतो तिथे बत्तीस हजार खण आहेत. तिथलं चालताना बदलता येत नाही. पण तुमची अक्षरं कुठे बदलणार आहेत? प्रत्येक अ‍ॅरेला हा शब्द लावा, की तो तिकडे जाईल."

मी शब्द लावला. सूचना गेली. दोन हजार खणांपैकी सतराशे रिकामे झाले, आणि पाहुणे गेल्यावर घर वाटते तसे मला हलके वाटले. मी सगळ्यांना नानांच्या खोलीत बोलावून यंत्र सुरू केले. बझर वेळेवर वाजला. पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटावे तसे ठिपके पसरले.

"हा कोणता संदेश?" कंपाउंडरांनी विचारले.

"यातही ळ ओळखता येत नाही," बाई म्हणाल्या.

लोक गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. प्रोग्राम बरोबर होता. अ‍ॅरे नव्या जागी होते. खण क्रमांक बरोबर होते. तरी मुंग्याच. दुकान दोन दिवस बंद होते. दुकानदार लग्नाला गेला होता. तीन दिवस उरले होते. टेबलापलीकडे नाना त्यांच्या यादीत काहीतरी भरत होते. अकरा पाने झाली होती.

"काय अडलंय, जावईबापू?"

मी त्यांना सांगायला लागलो ते खरे म्हणजे स्वतःशीच बोलत होतो. लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, की यंत्रात दोन जागा असतात, एक चालू कामाची आणि एक कायमची.

"चालू शाखा आणि दप्तरखाना," नाना म्हणाले.

"तसं समजा."

"समजायचं काय त्यात? टेबलावर सगळ्याच नस्त्या ठेवल्या तर काम करणारा लिहील कुठे? बंद नस्त्या दप्तरखान्यात ठेवायच्या. ते तुम्ही आता केलंत. मग मागवता कशा?"

"खणाचा क्रमांक देऊन. समजा, तीनशे बारा."

"दोन्हीकडे तीनशे बारा नंबरचा खण आहे?"

"आहे. दोन्हीकडचे क्रमांक वेगवेगळे सुरू होतात."

"एकपासून?"

"शून्यापासून."

नानांनी पेन खाली ठेवले. "शून्यापासून कोण क्रमांक देतं?"

"यंत्र देतं."

"मग सांभाळून राहा. माणसाचा हात एकपासून मोजतो." मी मान हलवली आणि ऐकले नाही. नाना पुढे म्हणाले, "ते असो. नुसतं तीनशे बारा म्हटलं तर शिपाई कुठली नस्ती आणेल? जवळची. चालू शाखेतली. आमच्याकडे एका नव्या लिपिकाने मागणीचिठ्ठीवर शाखा लिहिली नाही. एका माणसाच्या निवृत्तिवेतनाची नस्ती हवी होती, आली गटारांच्या झाकणांची. साहेबांनी न वाचता शेरा मारला, 'मंजूर, आजीवन'. मागणीचिठ्ठीवर शाखा लिहायची असते, जावईबापू. आणि दप्तरखान्यातून गठ्ठा उचलून आणता येत नाही. एकेक कागद सही करून मागवावा लागतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग कॉम्प्युटर उघडला. दप्तरखान्यातून एकेक आकडा मागवण्याची वेगळी आज्ञा होती. ती पुस्तकात होती, मी ते पान ओलांडले होते. मी आज्ञा बदलली. पडद्यावर 'नाना, गोळीची वेळ झाली' असे उमटले. ळ सुद्धा ळ दिसत होता.

"चिठ्ठी नीट भरली की नस्ती येते," नाना म्हणाले आणि पुन्हा त्यांच्या यादीकडे वळले.

एक तारीख उजाडली. यंत्राचा प्लग कोणी काढू नये म्हणून नानांनी स्वतः चिठ्ठी लिहून प्लगशेजारी भिंतीवर चिकटवली: 'हा प्लग सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय काढू नये.' सक्षम प्राधिकारी कोण, ते लिहिले नव्हते, पण विचारण्याची कोणाला हिंमत झाली नाही. नोंदींसाठी मी तीस खणांचा एक अ‍ॅरे ठेवला होता. नाना बटण दाबतील तेव्हा पुढच्या खणात खूण म्हणून एकचा आकडा पडणार होता. मोटारीचा संदेश समितीने दुसऱ्या ठरावाने, तितक्याच एकमताने, काढून टाकायला लावला होता.

यंत्राचा एकच दोष राहिला होता. त्याचे घड्याळ बारा तासांत तीन-चार मिनिटे मागे पडे. हा दोष नव्हे, स्वस्त भागांचा स्वभाव आहे, असे दुकानदार लग्नाहून परतल्यावर म्हणाला. त्यामुळे सकाळी आठला आणि रात्री आठला मला मनगटी घड्याळ घेऊन नानांच्या खोलीत जावे लागे. मी जाई, नाना वर बघत, "या" म्हणत. मी टेबलापाशी वाकून यंत्रात आठ लावी. ते लगेच वाजे, संदेश दिसे, नाना बटण दाबत. पंधरा दिवस मी एकदाही चुकलो नाही. यंत्राच्या बाबतीत निष्ठा लागते. बाहेरचे जेवणाचे एक आमंत्रण मी नाकारले आणि एका सकाळी अंगात ताप असतानाही गेलो. बायको एकदा म्हणाली, "रोज जाताच आहात तर," आणि पुढे बोलली नाही.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला दादा आले. त्यांच्या हातात दोन बॅगा होत्या, एक त्यांची आणि एक मोठी, रिकामी. रिकामी त्यांनी नानांच्या खोलीच्या दाराबाहेर उभी केली. नानांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि खुर्ची कपाटाच्या जरा जवळ ओढली.

आठ वाजता आम्ही चौघे खोलीत होतो. मी घड्याळ लावले. यंत्र वाजले. संदेश उमटला. "अक्षर छान आहे," दादा म्हणाले. त्यांच्याकडून हे फार झाले. नानांनी तिसाव्यांदा बटण दाबले.

यंत्रात एक वाजला.

आठाचे घड्याळ एकदम एक दाखवू लागले. दादांनी आपल्या घड्याळाकडे पाहिले, मग यंत्राकडे.

"ते जाऊ दे," मी म्हणालो. "नोंदी बघा." आणि बटण दाबून धरले. पडद्यावर तीस छोटे चौकोन आले. एकोणतीस भरलेले होते. पहिला रिकामा होता.

"पहिल्याच दिवशी चुकली?" दादा म्हणाले.

त्या क्षणी मला सगळे कळले. खण शून्यापासून होते आणि मी खुणा एकपासून करत गेलो होतो. शून्याचा खण रिकामाच राहिला. तिसावी खूण मी तीस खणांच्या पलीकडे, शेजाऱ्याच्या घरात केली, आणि त्या शेजारी घड्याळाचा तास राहत होता. मी हे दादांना समजावू लागलो. शून्य, खण, शेजारी, सगळे सांगितले. सांगताना माझ्या लक्षात आले की माझ्यासमोर बसून लोक असेच बोलतात आणि मी त्यांच्या दाव्यावर 'रकाना रिकामा, सबब अमान्य' असे लिहितो. दादा माझे बोलणे संपेपर्यंत थांबले. तेही मी थांबतो तसेच.

"तुम्ही मेहनत घेतलीत," ते हळूच म्हणाले. "पण नोंद नाही ना."

बायकोने त्या रिकाम्या बॅगेकडे पाहिले आणि नजर काढली. यंत्राने 'चावू नका' असे दाखवले. 

"नोंद आहे," नाना म्हणाले.

त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडले आणि दुसऱ्या कप्प्यातून एक पुठ्ठ्याची नोंदवही काढून, तिच्यात एक ओळ लिहून दादांच्या हातात दिली. आखलेले रकाने होते: दिनांक, वेळ, गोळी, आठवण देणारा, शेरा. तीस ओळी, एकाच अक्षरात, एकही खाडाखोड नाही. तिसावी ओळ अजून ओली होती.

"कधीपासून लिहिताय हे?" दादांनी विचारले.

"यंत्र कामाला लागलं तेव्हापासून, एक तारखेपासून. नवीन कर्मचारी रुजू झाला की पहिले काही दिवस नोंद ठेवावी लागते."

दादांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "दिनांक एक, सकाळी आठ. गोळी घेतली." मग बोट फिरवत सगळी पाने बघितली, तपासणी अधिकारी बघतो तशी, खालून वर आणि पुन्हा वरून खाली. शेवटी वही मिटून त्यांनी नानांकडे दोन्ही हातांनी परत दिली.

"बरं," दादा म्हणाले. "इथेच राहा."

नानांनी मान हलवली, जणू एखादी किरकोळ नस्ती निकाली निघाली होती. मग त्यांनी ती अकरा पानी यादी काढली, तिच्यातले शेवटचे पान वेगळे केले आणि कपाटाच्या तळातून दोन जाड गठ्ठे ओढले. "तुझ्या शाळेपासूनच्या गुणपत्रिका, तीन क्रीडा प्रमाणपत्रं आणि मुंजीच्या निमंत्रणाचा मसुदा. बॅग रिकामी आणलीच आहेस, तर घेऊन जा. इथे सही कर."

दादांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भरलेली बॅग दोन्ही हातांनी जिना उतरवत निघून गेले.

त्यांना सोडून आल्यावर मी ती वही मागून घेतली. नानांनी मोजणी कुठून सुरू केली होती, ते मला बघायचे होते. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच वाक्य होते: 'घड्याळ लावण्यास आले असता गोळी घेतली; त्यानंतर यंत्र वाजले.' खाली, लाल शाईत, एकूण होते. आठवण देणारा: जावई, तीस. यंत्र, शून्य.